बर्फावरचे गिरमिट

अमेरिकेत मिनेसोटा राज्य आहे. तेथे हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून गळाने मासे धरतात. सुताराचे गिरमिट तुम्ही पाहिले आहे. तसेच, पण खूप मोठे गिरमिट ते बॅटरीच्या यंत्राला लावतात. या यंत्राला ड्रिल म्हणतात.

ड्रिल कसे निवडावे? आम्ही सांगतो. नुसता वेग बघू नका. पिळाचा जोर बघा. १८ व्होल्टचे बरे. बाजूला दुसरी मूठ हवीच. गिरमिट अडकले की ड्रिल गरकन फिरते, मनगट मुरगळते. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी कोटाच्या आत उबेला ठेवावी.

पण बर्फच पातळ असेल, तर ड्रिल काय कामाचे? चालायला निदान ४ इंच घट्ट बर्फ हवा. काठापासून भोके पाडून मोजत जावे. मासा उद्याही मिळेल. जीव एकदाच मिळतो.