दरवर्षी नवा गेम कशासाठी?

प्रश्न : माझा मुलगा दर सप्टेंबरात फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम मागतो. खेळ तोच, खेळाडूही बहुतेक तेच. मग कंपनी महिन्याला थोडी वर्गणी घेऊन जुनाच गेम अद्ययावत का करत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : करता येतं, आणि काहींनी केलंही आहे. मोटारशर्यतींचा ‘आयरेसिंग’ २००८पासून वर्गणीवरच चालतो. कोनामी या कंपनीने २०२०मध्ये फुटबॉलचा पूर्ण नवा गेम काढलाच नाही. आदल्याच गेममध्ये संघ ताजे केले आणि किंमत कमी ठेवली. पुढच्या वर्षी आलेला ‘ईफुटबॉल’ तर फुकट होता.

‘ईए’ ही कंपनी मात्र १९९३मध्ये सुरू झालेली आपली फुटबॉल गेमची मालिका, आता ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने, दरवर्षी नव्याने विकते. कारण कमाई नुसत्या गेमच्या किमतीवर थांबत नाही. २००९मध्ये त्या गेममध्ये ‘अल्टिमेट टीम’ हा खेळण्याचा प्रकार आला. त्यात खेळाडूंची कार्डं बंद पॅकमधून मिळतात. बहुतेक पॅक उघडेपर्यंत आत नामांकित स्ट्रायकर आहे की कुठल्या क्लबचा राखीव गोलकीपर, ते कळत नाही. मुलं वर्षभर खेळून, कधी पैसे घालून संघ जमवतात. नव्या आवृत्तीत तो संघ नेता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा पॅक. सगळ्या खेळांच्या गेममधल्या ‘अल्टिमेट टीम’ने २०२०-२१च्या आर्थिक वर्षात ‘ईए’ला सुमारे १६० कोटी डॉलर मिळवून दिले. दरवर्षीचा नवा गेम या व्यवहाराला नव्याने चालना देतो.

पण वर्गणी आली म्हणजे खर्च घटलाच, असं नाही. ‘आयरेसिंग’मध्ये बऱ्याच गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात आणि वर्गणी थांबली की खेळही थांबतो. विकत घेतलेला गेम निदान एकट्याने खेळायला तरी हाताशी राहतो.

म्हणून माझ्या मते, पैसे कसे घेतात यापेक्षा मुलाने जमवलेलं पुढच्या वर्षी टिकतं का, हे पाहावं. टिकत नसेल, तर एक वर्ष सोडून गेम घ्या, किंवा काही महिने थांबा, किंमत उतरते. ‘ईए प्ले’ या वर्गणीत जुन्या आवृत्त्या मिळतात, नवा गेमही दहा तास खेळून पाहता येतो. आणि पॅकसाठी बँकेच्या कार्डाचा नंबर गेममध्ये साठवून ठेवू नका. मुलाला हा सगळा हिशेब समजावून सांगा. नुसत्या नकारापेक्षा तो त्याच्या जास्त कामी येईल.