भरावाचा हिशेब : आपला मुरूम, शेजाऱ्याचे पाणी

कापडाच्या धंद्यात आम्ही थान मोजून घेतो आणि मोजून देतो. एका गिऱ्हाईकाला वारभर जास्त गेले तर दुसऱ्याला वारभर कमी पडते. जमीन आणि पाण्याचा हिशेबही असाच आहे. महाड-पोलादपूरच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी तो समजून घ्यावा, म्हणून हे चार शब्द.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडच्या परिसरात तिला काळ व गांधारी या नद्या मिळतात. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबते. जुलै 2021 मध्ये हेच झाले. 22 तारखेच्या रात्री महाडची बाजारपेठ बुडाली. पूर्वी असे पाणी नदीकाठच्या भातखाचरांत पसरून थांबत असे. आता त्यातल्या अनेक जागांवर भराव पडला आहे. दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाने पाणी अडते, अशी महाडकरांची जुनी तक्रार आहे. पण छोटे भराव आपणही घालतो.

त्याचा हिशेब असा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे सुमारे 2,830 लिटर पाण्याची जागा. एक गुंठा जमीन सहा फूट भरली तर सुमारे 65 ब्रास मुरूम लागतो आणि 1 लाख 85 हजार लिटर पाण्याची जागा जाते. एकराला हाच आकडा 74 लाख लिटर होतो. ते पाणी नाहीसे होत नाही, शेजारच्या सखल दुकानात शिरते.

आता मुरूम येतो कुठून ते पाहू. आपला काळा दगड पाणी फारसे धरत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमाड थरात आणि दगडाच्या भेगांत. वाडीची विहीर त्यावरच चालते. तो थर खरवडून नेला की पावसाचे पाणी एकदम खाली धावते आणि उन्हाळ्यात विहीर लवकर आटते. खाण खोल गेली तर आसपासच्या भेगांतले पाणी तिच्या खड्ड्यात उतरते. उघडी माती आणि क्रशरची भुकटी ओढ्याने नदीत जाते व पात्र उथळ होते. म्हणजे एकाच मुरमाने वर पाणी तोडले, नदीत गाळ भरला आणि खाली पुराची जागा खाल्ली.

आमची चूकही सांगितली पाहिजे. 2021 च्या आधी आम्ही गुदामासाठी मागची जागा चार फूट भरून घेतली होती. त्या रात्री आमचे बरेच थान वाचले. शेजारच्या शिंपीभाईंच्या मशिनी मात्र बुडाल्या. भराव नसता तर पूर आला नसता असे नाही. पण पाणी ओसरण्याची वाट आमच्या बाजूने होती आणि ती आम्हीच बंद केली होती. त्यांच्या दुकानात दोन दिवस पाणी साचून राहिले. ते एक शब्द बोलले नाहीत, पण शेजाऱ्याचा हक्क आम्ही मारला होता. नंतर भराव फोडून आम्ही गटाराला वाट करून दिली.

बांधवांनी चार गोष्टी पाळाव्यात :

1. गुदाम घेण्यापूर्वी 2021 च्या पाण्याची खूण भिंतीवर पाहावी, जुन्या रहिवाशांना विचारावे.

2. भराव घालण्याऐवजी शक्य तिथे खांबांवर जोते उचलावे. पाण्याला खालून वाट राहते.

3. मुरूम-खडी घेताना वाहतुकीचा परवाना मागावा. पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये सांगितले. बिनपरवाना माल स्वस्त पडतो, पण त्याची बाकी कोणाच्या तरी विहिरीवर निघते.

4. विम्यात पुराचे कलम आहे का ते वाचावे. मालाची यादी व बिले दुसऱ्या ठिकाणी ठेवावीत.

खोटे माप लावणाऱ्याला बाजारात पत राहत नाही. जमीन भरतानाही माप खरे असावे.