बर्फ नसलेल्या गावात बर्फाचा फोटो : हिवाळ्यातला तिरपा उजेड आणि पोत



पुस्तकात हिमालय आला की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, "खरा बर्फ कसा दिसतो?" आपण मोबाईलवर काश्मीरचा एखादा व्हिडिओ दाखवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आपल्या जाफराबाद तालुक्यात पूर्णेच्या काठी कितीही थंडी पडली तरी हिम काही पडत नाही. आभाळातून पडणारा बर्फ आपल्या मुलांना एकाच रूपात माहीत आहे, तो म्हणजे गारा. म्हणून हिम हा विषय त्यांना "दुसऱ्यांचा" वाटतो. पण हिमाचा फोटो काढताना जे शिकावं लागतं, ते सगळं आपल्या शेतात, अंगणात शिकता येतं. इयत्ता ५ वी ते ८ वीसाठी हा उपक्रम कसा घ्यायचा, ते आज पाहू.

पोत म्हणजे काय?

कापडाचा पोत आपण हाताने चाचपून पाहतो. फोटोत हात लावता येत नाही, तिथे पोत डोळ्यांनाच कळला पाहिजे. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे आणि खळगे दिसायला हवेत. ते दिसतात सावलीमुळे. उंचवट्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली पडली, तरच तो उंचवटा आहे हे कळतं. सगळीकडे सारखाच उजेड पडला तर नांगरलेलं रानसुद्धा सपाट दिसतं.

हिमाचं तर याहून अवघड. सगळंच पांढरं! दुपारी काढलेल्या फोटोत हिम म्हणजे कोरा कागद. तोच हिमाचा थर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिला तर वाऱ्याने उमटवलेल्या लाटा, पक्ष्यांच्या पायांचे ठसे, दाणेदारपणा असं सगळं उठून दिसतं.

उजेड किती तिरपा? सावली मोजा

मैदानात १ मीटरची सरळ काठी उभी करा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. काठीची सावली साधारण अशी मिळते :

- सकाळी ७.३० : सुमारे ९ मीटर
- सकाळी ८.०० : सुमारे साडेचार मीटर
- सकाळी ८.३० : सुमारे ३ मीटर
- सकाळी ९.०० : सव्वादोन मीटरच्या आसपास
- दुपारी १२.२५ च्या सुमारास : सुमारे ९५ सेंटिमीटर

आकडे आधी सांगू नका. मुलांना मोजू द्या, तक्ता करू द्या, आलेख काढू द्या. मग विचारा, "मातीच्या एक सेंटिमीटर ढेकळाची सावली साडेसातला किती?" नऊ सेंटिमीटर! इथे गुणोत्तर आपोआप समजतं. पोताचा फोटो सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान का काढायचा, हे फळ्यावर लिहून द्यावं लागत नाही.

आपला बर्फ : कापूस

हिमाच्या सगळ्यात जवळची गोष्ट आपल्या घरातच असते, वेचून आणलेल्या कापसाचा ढीग. आधी एक छोटा प्रयोग करा. खडीसाखरेचा एक स्वच्छ खडा घ्या, त्यातून बऱ्यापैकी आरपार दिसतं. तो कुटा, पांढरी भुकटी होते. रंग कुठून आला? कुठूनच नाही. बारीक कणांच्या असंख्य पृष्ठभागांवरून सगळ्या रंगांचा उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. हिमाचा एकेक स्फटिकही काचेसारखा पारदर्शक असतो, ढीग मात्र पांढरा. कापसाच्या तंतूंचंही तसंच.

कृती

१. मोबाईलची काच मऊ सुती कापडाने पुसा. थंडीत तिच्यावर वाफ धरते.

२. फ्लॅश बंद ठेवा. समोरून पडलेला उजेड सगळ्या सावल्या खाऊन टाकतो. एचडीआरची सोय बंद करता येत असेल तर तीही बंद करा, कारण ती सावल्या उजळवते.

३. सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं उभं राहा. सूर्य पाठीशी असेल तर पोत सपाट होतो, शिवाय आपलीच लांबलचक सावली फोटोत येते.

४. ढिगाच्या उंचीपर्यंत खाली बसा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत खोली कळत नाही.

५. पडद्यावर कापसाला बोट लावा. बहुतेक फोनमध्ये सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वरखाली सरकवून उजेड कमीजास्त होतो. तीन फोटो काढा : एक आहे तसा, एक थोडा उजळ, एक खूप उजळ.

आता तिन्ही फोटो शेजारी ठेवा. पहिल्यात कापूस मळकट, राखाडी दिसण्याची शक्यता जास्त. कारण कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजळ आहे असं धरून चालतो, म्हणून खूप पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो. हिमाचे फोटो राखाडी येतात ते याच कारणाने. तिसऱ्यात कापूस पांढराशुभ्र, पण तंतू गायब. मधला फोटो बहुधा बरोबर येतो : पांढरा आहे आणि तंतूही दिसतात.

मग तोच प्रयोग नांगरलेल्या काळ्या रानावर करा. इथे उलटं होतं. काळी माती कॅमेरा उजळ करून भुरकट दाखवतो, म्हणून सूर्याचं चिन्ह खाली सरकवावं लागतं. यंत्राला पांढरं-काळं कळत नाही, ते आपण ठरवायचं, हे मुलांना पक्कं समजतं.

आणखी एक गंमत दाखवा. निरभ्र सकाळी कापसावरची सावली नीट पाहिली तर ती काळी नसते, निळसर असते. तिथे थेट ऊन पोहोचत नाही, आभाळाचा निळा उजेड पोहोचतो. हिमावरच्या सावल्या निळ्या दिसतात त्या यामुळेच. चित्रकलेच्या तासाला याचा फार उपयोग होतो.

दव आणि गोठलेलं दव

हरभऱ्याच्या पानांवर सकाळी दव असतं. त्या पानांवरच्या आम्लामुळे ते आंबट लागतं. जुनी माणसं पहाटे कापड फिरवून ही आंब गोळा करायची. घरातल्या आजीला विचारायला सांगा. दवाचा फोटो घेताना सूर्य किंचित समोरच्या बाजूला ठेवला की थेंब चमकतात. मात्र सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे बजावून सांगा.

महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात कडाक्याच्या थंडीत हेच दव गोठून पांढरं होतं. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी हे घडू शकतं, कारण निरभ्र रात्री गवताची पाती उष्णता बाहेर टाकून हवेपेक्षाही थंड होतात. हिम आभाळातून पडतं. हे मात्र जागच्या जागी तयार होतं. हा फरक वहीत लिहून घ्यावा.

आईने दिलेला सूक्ष्मदर्शक

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटली हा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवलं आणि सूक्ष्मदर्शक दिला. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ रोजी, विशी पूर्ण व्हायच्या आधी, हिमाच्या एका स्फटिकाचा फोटो काढला. पुढे शेती सांभाळत त्याने असे ५००० हून जास्त फोटो घेतले. १९३१ साली त्याचं पुस्तक निघालं, त्यात २४०० हून अधिक चित्रं आहेत. काळ्या फळीवर हिमकण झेलायचा, काडीने अलगद काचेवर ठेवायचा, आणि वितळायच्या आत फोटो घ्यायचा. श्वासाची ऊबसुद्धा लागू द्यायची नाही! फोटो निघाला नाही तर तो स्फटिक कायमचा गेला.

आता गारांकडे

इथे हा धडा आपल्या घरात येतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाड्यातल्या पालकांना आठवत असेल. गारा तासाभरात वितळतात, पंचनाम्याला माणूस येतो तो नंतर. मधल्या वेळात शेतकऱ्याजवळ मोबाईल असतो, पण घाईत उभ्याने काढलेल्या फोटोत पांढरे ठिपके आणि हिरवा पसारा यापलीकडे काही दिसत नाही.

आपल्या विद्यार्थ्याला एवढं जमलं पाहिजे : गारेशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो, म्हणजे आकार कळतो. पांढऱ्या गारा राखाडी येऊ नयेत म्हणून उजेड नीट करणं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात फाटलेली पानं, मोडलेले घाटे, लोळलेली ज्वारी बाजूने आणि जवळून टिपणं. एक फोटो लांबून, बांध आणि ओळखीचं झाड दिसेल असा. तारीख-वेळ वहीत. नुकसान यामुळे कमी होत नाही, पण झालेलं नुकसान दाखवता येतं. तेवढ्यासाठी तरी मुलांना नीट पाहायला शिकवलं पाहिजे.

पालकांसाठी दोन सूचना

फवारणी झालेल्या कपाशीत मुलांना पाठवू नका, घरातला ढीग पुरेसा आहे. आणि दवाने ओल्या बोंडांचा फोटो जरूर घ्या, पण वेचणी दव वाळल्यावरच करा. हमीभाव खरेदीत पूर्ण दरासाठी ओलावा ८ टक्क्यांपर्यंत लागतो, १२ टक्क्यांच्या वर गेला तर कापूस घेतला जात नाही. विज्ञानाचा तास आणि घरचा हिशेब इथे एकच आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. ढगाळ सकाळी हाच फोटो काढला तर काय बदलेल?

२. सायंकाळी पाच वाजता सूर्य कोणत्या हाताला ठेवाल?

३. मीठ, पिठीसाखर आणि रवा यांपैकी कोणता ढीग हिमासारखा दिसेल? का?

४. तुमच्या घराजवळची कोणती गोष्ट तासाभरात नाहीशी होते? तिचा फोटो कधी आणि कुठून काढाल?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं वर्गाच्या भिंतीवर लावा. ती दरवर्षी वेगळी येतील. उपक्रम जरूर करून पहा.