चाकूची मूठ आधी बघा

कारेगावात भाड्याच्या खोल्यांवर राहणारे आम्ही बहुतेक जण रांजणगाव एमआयडीसीत कामाला. कोणी बीडचा, कोणी लातूरचा, कोणी यवतमाळचा. सुट्टी जोडून आली की मोटारसायकली निघतात आणि नारायणगाव, जुन्नर करत चावंड, हडसर, जीवधन गाठतात. हल्ली जवळजवळ प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक चाकू असतो, मोबाईलवर फोटो बघून मागवलेला. पाते वीतभर, काळे, पाठीवर करवतीसारखे दाते. मी टूलरूममध्ये काम करतो, पोलादाशी माझा रोजचा संबंध आहे. आणि अशाच एका चाकूने माझ्या रूम पार्टनरचा अंगठा माझ्यासमोर कापला, म्हणून हे लिहितो आहे.

नाणेघाटाच्या पठारावर मुक्काम होता. पावसाळा सरत आला होता, तरी जळण ओलेच होते. त्याने पाते लाकडावर टेकवले आणि पाठीवर दगडाने ठोकायला लागला. तीन-चार ठोके बसले असतील, मूठ त्याच्या हातात राहिली आणि पाते उसळून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी बसले. रक्त थांबेना. धुतलेला पंचा जखमेवर घट्ट दाबला, हात छातीच्या वर धरायला लावला. पंचा भिजला तेव्हा तो काढला नाही, त्यावरच दुसरा कपडा बांधला. अंधारात जुन्नर गाठले. टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. डॉक्टरांनी सगळ्यात आधी अंगठा वाकवून दाखवायला सांगितला, कारण आतली स्नायूची दोरी तुटली असेल तर नुसत्या टाक्यांनी भागत नाही, हाताच्या सर्जनकडे जावे लागते. त्याची शाबूत होती. अशा जखमेत हळद किंवा चहापूड भरू नका. दाबून धरा आणि निघा.

खोलीवर आल्यावर मी ती तुटकी मूठ नीट पाहिली. आतून पोकळ, बुडाला फिरकीचे झाकण, झाकणावर होकायंत्र, आत काड्या, सुई आणि मासे धरायचा दोरा. एवढ्या सामानाला जागा करायची म्हणून पात्याचे पोलाद मुठीच्या तोंडाशीच संपवलेले होते. बोटाच्या पेराएवढा तुकडा आत, आणि तो एका नटाने आवळलेला. रुंद पाते जिथे एकदम बारीक होते, त्या कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो. शाफ्टसुद्धा अशाच खांद्यावर तुटतो, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही माहीत असते.

म्हणून चाकू घेताना आधी मूठ बघा. पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असावे आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रिबिटांनी बसवलेल्या असाव्यात. मुठीच्या कडेने पोलाद उघडे दिसते, त्यामुळे फसवणूक होत नाही. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू जगभर वापरतात. त्यांच्या साध्या चाकूंत पोलाद टोकापर्यंत जात नाही, पण बरेच आत जाते आणि मूठ त्याभोवतीच ओतलेली असते. भाजी, दोरी आणि बारीक काटक्या एवढ्या कामाला ते उत्तम. दुकानात हात ओला करून मूठ धरून बघा. चारही बोटे मावली पाहिजेत, आणि बोट पुढे धारेवर घसरू नये म्हणून पुढच्या बाजूला उंचवटा हवा. व्हार्निश मारलेली गुळगुळीत लाकडी मूठ घाटमाथ्याच्या पावसात हातात टिकत नाही.

पाते चार इंच पुरते. जाडी अडीच-तीन मिलिमीटर. याहून जाड पात्याने कांदा चिरत नाही, फुटतो. पाठीचे दाते तर कोणत्याच कामाचे नाहीत. ते लाकूड कापत नाहीत आणि पाठीवर अंगठा ठेवून जोरही देता येत नाही. दुधारी पाते घेऊच नका. टोकाला आकडा असलेला ‘शिकारीचा’ चाकूही नको. तो आकडा जनावराचे पोट फाडण्यासाठी असतो, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या माळावर चिंकारा तग धरून आहे. त्याच्या वाटेला कोणी जाऊ नये असे मला मनापासून वाटते. काही जण बिबट्याच्या भीतीने मोठा सुरा घेतात. शिरूरच्या उसात बिबट्या आहे, भीती खरी आहे. पण तो चाकूच्या अंतरावर आला तर वेळ गेलेली असते. जोरकस बॅटरी, काठी आणि सोबत, एवढेच कामाला येते.

आठवडे बाजारातला लोहार ट्रकच्या कमानपाट्यापासून चांगला चाकू करून देतो. पाते पातळ ठेव, एवढे मात्र आवर्जून सांगा. हे पोलाद धार छान घेते, पण एका पावसाळी रात्रीत गंजते. पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागतो. ते जमणार नसेल तर स्टेनलेस घ्या. कातडी म्यान ओल धरते, त्यात चाकू घालून ठेवू नका. पाजवायला साधा दगड आणि पाणी. कंपनीतल्या ग्राइंडरवर चाकू लावायचा मोह होतो, पण कड निळी पडली म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. त्यानंतर धार टिकत नाही.

आता कायद्याचे. शस्त्र नियमांच्या यादीत खंजीर आहे, तसेच नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरेही आहेत. घरगुती, शेतीची, कारखान्याची हत्यारे त्यातून वगळली आहेत. पण लहान चाकू असला म्हणून कमरेला लावून रस्त्याने फिरू नका. सणासुदीला, निवडणुकीत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि नाकाबंदीत कमरेचा चाकू चौकीपर्यंत नेतो. म्यानात घालून सॅकच्या तळाशी, भांड्यांबरोबर ठेवा.

अभयारण्याचा नियम याहून कडक आहे आणि तोच कोणाला माहीत नसतो. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि वन्यजीव कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन आलेला आहे. लांबीची सूट नाही. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, भीमाशंकरचे जंगलही अभयारण्य आहे. तिकडे जाताना चाकू खोलीवर ठेवा, कांदे-बटाटे कारेगावातच चिरून डब्यात भरा आणि दोरी लागेल त्या मापाचे तुकडे करून न्या.