महाशीर माशाचे बालपण व त्याचा प्रवास

नरडाण्याहून शिरपूरकडे जाताना सावळदे येथे तापीचा पूल लागतो. याच परिसरात मुडावद येथे पांझरा तापीस मिळते. पलीकडून सातपुड्यातील अनेर व अरुणावती या नद्या येतात. तापी व नर्मदा यांच्या खोऱ्यांत महाशीर हा मोठ्या खवल्यांचा, बलवान मासा पूर्वापार आढळत आला आहे. त्याची दख्खनी जात, जिला खडशी असेही म्हणतात, सन 1839 मध्ये साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठेतून प्रथम वर्णिली. सन 2011 मध्ये तिची नोंद जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून झाली. पुढे फेरतपासणीत तिचा वर्ग सौम्य झाला; तथापि नदीत आपोआप होणाऱ्या पैदाशीवरील संकट टळलेले नाही. ते का, हे समजण्यास या माशाचे बालपण पाहिले पाहिजे.

प्रवास : उन्हाळ्यात मोठे मासे नदीच्या खोल डोहांत राहतात. पावसाचे पाणी येताच ते प्रवाहाविरुद्ध चढून उपनद्यांत व ओढ्यांत शिरतात. आषाढ ते भाद्रपद या काळात वाहत्या, स्वच्छ पाण्यात, वाळू व गोट्यांच्या तळावर मादी टप्प्याटप्प्याने अंडी घालते. पूर ओसरू लागला की मोठे मासे खाली परततात. पिले मात्र काही काळ उथळ पाण्यातच वाढतात.

अंडे व पिलू : सन 1970 नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटा वीज कंपनीच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी महाशिराची कृत्रिम पैदास यशस्वी केली. त्यामुळे या माशाच्या बाल्यावस्थेची चांगली माहिती मिळाली. रोहू-कटल्याची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखाच्या घरात अंडी देते. महाशिराची मादी काही हजारच देते. अंडे सुमारे 3 मिलिमीटर व्यासाचे, पिवळसर-सोनेरी व जड असते. ते तळाशी बसते. रोहूचे अंडे एका दिवसाच्या आत फुटते. महाशिराच्या अंड्यास तीन-चार दिवस लागतात. एवढा अवधी असल्यामुळेच ही अंडी ओल्या कापसात ठेवून दूर पाठविता येतात.

अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पोटाशी बलकाची मोठी पिशवी असते. तिच्या भारामुळे त्यास नीट पोहता येत नाही. ते उजेड टाळून खड्यांच्या फटीत, सावलीच्या कोपऱ्यांत पडून राहते. बलक संपल्यावर ते पोहू लागते व शेवाळ, बारीक पाणकिडे खाऊ लागते. म्हणजे अंडे पडल्यापासून पिलू पोहेपर्यंतचे सर्व दिवस त्याचे जीवन ओढ्याच्या तळावर अवलंबून असते. या दिवसांत तळ गाळाने झाकला गेला किंवा कोणी उपसून नेला, तर त्या ओढ्यातील त्या वर्षीची पिढी नष्ट होते. अंडी मुळातच थोडी असल्याने ही हानी लवकर भरून निघत नाही.

अडथळे : सन 1972 मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आणि वरच्या अंगाचे प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे येथील दरवाजांचे बंधारे यांनी तापीचा सलग प्रवाह तोडला आहे. पांझरेवरील फडांचे जुने बंधारे बुटके असून पुरात पाणी त्यांच्या माथ्यावरून जाते. उंच भिंतीच्या बंधाऱ्यापाशी मात्र मासा अडतो. म्हणून जे ओढे अद्याप मोकळे आहेत, त्यांचे मोल अधिक आहे.

गावाने काय करावे :

1. पहिल्या पुराबरोबर मासे वर चढतात, त्यास पुष्कळ ठिकाणी वलगण म्हणतात. या वेळी ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावू नये. अंड्यांनी भरलेली एक मादी धरणे म्हणजे हजारो पिले धरणे होय.

2. ओढ्यातील वाळू व गोटे काढू नयेत. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

3. कपाशीवरील फवारणीचे दिवस व पिलांचे दिवस एकच असतात. फवारणी पंप व औषधांचे डबे ओढ्यात धुऊ नयेत.

4. काठावरील उंबर, करंज, जांभूळ राखावेत. त्यांची सावली पिलांस व मुळांची पकड काठास उपयोगी पडते.

5. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणे सन 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरले. ग्रामपंचायतीने हे ग्रामसभेत समजावून सांगावे.

6. बाहेरील महाशिराची बोटुकली नदीत परस्पर सोडू नये. परकी जात स्थानिक जातीस मागे सारते, असा कावेरीतील अनुभव आहे. मत्स्यव्यवसाय खात्याचा सल्ला आधी घ्यावा.

महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशिरास कोणी हात लावीत नाही, आणि तेथे हा मासा आजही टिकून आहे. तेथील गावकऱ्यांनी त्यासाठी पैसा खर्च केला नाही. केवळ एक डोह राखला. खानदेशातील गावांनी उन्हाळ्यात एक डोह व पावसाळ्यात एक ओढा असा राखला, तर महाशिराच्या पिलांस वाढण्यास जागा उरेल.