परदेशी यंत्राचा ट्रान्सफॉर्मर बदलताना

अहवाल वर्षात केडगाव येथील आपल्या रुग्णालयास अमेरिकास्थित एका हितचिंतकांकडून वापरलेले, परंतु सुस्थितीतील ईसीजी यंत्र देणगीदाखल प्राप्त झाले. दुसऱ्याच दिवशी ते प्लग बदलून थेट भिंतीवरील सॉकेटला जोडले गेले आणि त्यातील ट्रान्सफॉर्मर जळाला. दोष कर्मचाऱ्याचा नव्हे. यंत्रामागील पट्टी आधी वाचण्याची जबाबदारी प्रशासनाची, म्हणजे प्रस्तुत लेखकाची होती. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास यानिमित्ताने जे शिकावे लागले, ते अन्य संस्थांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नमूद करीत आहे.

अमेरिकेतील वीजपुरवठा 120 व्होल्ट व 60 हर्ट्झ, तर आपला 230 व्होल्ट व 50 हर्ट्झ असतो. (जपानमध्ये 100 व्होल्ट, आणि त्या एकाच देशाच्या पूर्वेस 50 तर पश्चिमेस 60 हर्ट्झ!) जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवर दुय्यम बाजूस 18 व्होल्ट, 2 अँपिअर असे छापले होते, म्हणजे क्षमता 36 व्हीए. नव्याचे अँपिअर अधिक असले तरी बिघडत नाही, कारण यंत्र गरजेपुरताच प्रवाह घेते. व्होल्ट मात्र तेवढेच हवेत. एका पुरवठादाराने 24 व्होल्टचा तयार माल सुचविला होता. डायोड व कपॅसिटर यांतून गेल्यावर व्होल्ट सुमारे 1.4 पट होतात. 18 चे 25, तर 24 चे 34. यंत्रातील कपॅसिटरची मर्यादा 35 व्होल्टची आणि आपल्याकडील दाब रात्री चढतो तो वेगळाच. इतक्या निसटत्या शिलकेवर कोणताही हिशेबनीस सही करणार नाही.

सर्वांत स्वस्त दरपत्रक निराळे होते: जुनेच वेटोळे पुन्हा भरावे आणि बाहेर 230 चे 120 करणारे उपकरण जोडावे. मात्र त्याने हर्ट्झ बदलत नाहीत. 60 हर्ट्झसाठी बेतलेल्या गाभ्यावर 50 हर्ट्झला चुंबकीय भार एक पंचमांशाने वाढतो व तो तापतो. त्याहून मोठी बाब रुग्णाची. इलेक्ट्रोड छातीवर असताना भिंतीतील वीज आणि रुग्ण यांच्यामधील मुख्य आडोसा म्हणजे या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन. आयईसी 60601 या मानकात सामान्य स्थितीत रुग्णाकडे जाणाऱ्या गळती प्रवाहाची मर्यादा 100 मायक्रोअँपिअर, आणि थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागांसाठी अवघी 10 आहे. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराकडे, तो कितीही कुशल असला तरी, हे मोजण्याचे साधन नसते. म्हणून वैद्यकीय दर्जाचा, 50 हर्ट्झचा नवा ट्रान्सफॉर्मर घेतला. त्याचा गाभा मोठा निघाल्याने आतील पट्टी बदलावी लागली. दाब जवळपास दुप्पट झाल्याने प्रवाह निम्मा होतो. त्यामुळे अर्ध्या अँपिअरच्या जागी पाव अँपिअरचा फ्यूज बसविला.

यंत्र सुरू झाले तरी ते लगेच रुग्णसेवेत दिले नाही. काही जुन्या यंत्रांत कागद सरकविणारी मोटार विजेच्या हर्ट्झवरच चालते. अशा यंत्रात 25 मिलिमीटरऐवजी दर सेकंदास सुमारे 21 मिलिमीटरच कागद सरकेल आणि 72 ठोक्यांची नाडी 86 वाचली जाईल. चुकीच्या आकड्यावर औषध लिहिले जाण्याची ही वाट आहे. तपासणी सोपी असते: 10 सेकंद कागद चालवून पट्टीने मोजावा, 250 मिलिमीटर भरला पाहिजे. आमचा तेवढाच भरला. आलेखावरील थरथर मात्र यंत्रातील फिल्टर 60 वरून 50 हर्ट्झवर आणल्यानंतरच थांबली. त्यानंतर गळती प्रवाह मोजून घेतला, यंत्राची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत केली आणि ते बाह्यरुग्ण विभागाकडे सोपविले.