मुलीने पाठवलेलं रेडॉनचं यंत्र

प्रश्न : मुलीने न्यू जर्सीत घर घेताना ‘रेडॉन’ची तपासणी करून घेतली, तळघरात पाइप आणि पंखाही बसवला. आता तिने आमच्यासाठीही मोजायचं यंत्र पाठवलंय. आमच्या तालुक्यात मँगनीजच्या खाणी, म्हणून तिला जास्तच काळजी. आमचं जुनं घर कवेलूचं आहे, त्याला लागून स्लॅबच्या दोन खोल्या काढल्यात. यंत्र कुठे ठेवू, आणि आकडा किती आला म्हणजे घाबरायचं?
— एक वाचक, तुमसर

उत्तर : आधी मँगनीजला निर्दोष सोडू या. चिखला, डोंगरी बुजरुकला निघणाऱ्या मँगनीजपासून रेडॉन होत नाही. तो युरेनियमच्या घराण्यातला वायू. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन. आणि युरेनियमचा अंश थोडाफार सगळ्याच माती-दगडांत असतो, तुमच्या धानाच्या बांधीतही.

बांधीत तो वर येतो आणि वाऱ्यावर विरतो. घराखालून आला की खोलीत कोंडतो. ना रंग, ना वास. 3.8 दिवसांत निम्मा उरतो खरा, पण फुटताना पोलोनियमचे कण मागे ठेवतो. ते श्वासातून फुप्फुसात बसतात आणि आतूनच किरण सोडतात.

अमेरिकेत घर घेताना ही तपासणी का होते, त्यामागे एक गंमतीदार गोष्ट आहे. 1984मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका अणुवीज केंद्रावर स्टॅन्ली वॉट्रस या इंजिनिअरला पाहून किरणोत्साराचा गजर वाजू लागला. केंद्रात तर अजून वीजही तयार होत नव्हती! शोध घेत गेले, तर किरण त्याच्या घरातल्या रेडॉनचेच निघाले. तिथे हिवाळ्यात घर बंद करून तापवतात. आतली गरम हवा वर सरकते आणि खालून जमिनीतला वायू ओढून घेते. तळघर असलं की त्याला दारच मिळतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात उलटं घडतं. खिडकीतला कूलर खसाच्या ताट्यांतून बाहेरची हवा आत ढकलतो, आणि ती जायला दुसरी खिडकी किलकिली ठेवल्याशिवाय कूलर लागतच नाही. रेडॉनवर याहून स्वस्त इलाज नाही. एसी मात्र खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. तेव्हा तुमची शंका नव्या खोल्यांवर घ्या; त्यातही जिथे एसी आहे, सरकत्या काचा घट्ट बसतात आणि रात्रीचे आठ तास दार लोटलेलं असतं, तिथे. कवेलूच्या सांध्यांतून हवा निसटते हे खरं, पण म्हणून जुन्या घराला सरसकट पास करू नका. सारवलेली जमीन वायूला अडवत नाही, आणि बिनखिडकीच्या मातीच्या खोलीत तो चांगलाच साठू शकतो.

आता आकडा. मुलीने पाठवलेलं यंत्र बहुधा एका लिटरमधले पिकोक्युरी दाखवेल. त्याला 37ने गुणा, म्हणजे एका घनमीटरमधले बेकेरेल मिळतात. अमेरिकेत 4 पिकोक्युरीला, म्हणजे 148 बेकेरेलला, उपाय करा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना 100 सांगते, आणि ते जमत नसेल तर 300च्या वर तरी जाऊ देऊ नका म्हणते. समजा 3 आला, म्हणजे 111. घाबरायचं नाही, खिडकी उघडायची. दोन समोरासमोरच्या खिडक्यांनी उतरत नसेल तर फरशीच्या भेगा, भिंतीच्या कडा, नळाच्या पाइपाभोवतीची पोकळी सिमेंटने बुजवा. नुसत्या बुजवण्याने मात्र फारसं साधत नाही. त्याउपर मुलीच्या घरातला उपाय: फरशीखालून पाइप काढून पंख्याने ती हवा छपराच्या वर सोडायची. आपल्याकडे ती वेळ क्वचितच येईल.

घरात कोणी बिडी ओढतं का? तेंदूपत्त्याच्या मुलखात हा प्रश्न विचारायला हवा. रेडॉनमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढणाऱ्याला न ओढणाऱ्याच्या सुमारे पंचवीसपट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तंबाखूच्या धुरात स्वतःचं पोलोनियम असतं, ते वेगळंच. घरात बिडी असेल तर यंत्राआधी ती बाहेर काढा. (खर्रा फुप्फुसात जात नाही, त्याचे प्रताप तोंडात.)

मोजण्याची घाई करू नका. रेडॉन दिवसाला, तासालाही बदलतो. पहाटे जास्त, दुपारी कमी. पहिल्या दिवसाचा आकडा मुलीला व्हॉट्सॲपवर धाडलात तर दोन्हीकडे झोप उडेल. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेली मापकंही घरात महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. छोट्याशा डबीत फिल्मचा तुकडा असतो, किरणांचे कण त्यावर ओरखडे उठवतात, मग फिल्म कॉस्टिक सोड्यात बुडवून ते मोजतात. तुमचं यंत्रही तसंच विसरून जा. दिवाळी झाली की झोपायच्या खोलीत पलंगाच्या उंचीवर ठेवा. खिडकीपासून, पंख्याच्या झोतापासून दूर, भिंतीला न टेकवता. होळीला कूलर बाहेर काढण्याआधी सरासरी वाचा.